उजव्या हाताचे साठ मोजे

१२ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. तीर्थरूप लिहावं तर तू म्हणशील, आता बरं आठवलं माझं मोठेपण. प्रिय लिहावं तर तेवढा हक्क सध्या माझ्याकडे उरलाय की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं दादा.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याची खूण उमटत नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "पत्र लिही. कागद आला की ते उघडतातच, विजेचं बिल असलं तरी." म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड.

मी पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक टेबल, एक खुर्ची, आणि एक इस्त्री, जी भिंतीला साखळीने बांधून ठेवलीय. आपण काही इस्त्री पळवणारी माणसं नाही, पण यांना कसं कळणार? खिडकीखाली मालाच्या गाड्या वळतात, त्यांची पीं पीं सकाळी सहापासून.

दुभाषी मिळालेत. निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, मी त्यांना गुरुजी म्हणते. आपली भाषा ते पुस्तकांतून शिकलेत. विमानतळावर मला बघून पहिलं वाक्य काय, तर "आपण क्षुधित आहात काय?" मला वाटलं, कागदपत्रात काहीतरी राहिलंय. मी घाईघाईने पासपोर्ट पुढे केला. त्यांनी तो आदराने परत दिला आणि मला सूप प्यायला नेलं.

माझ्याकडे सात कारखान्यांचे पत्ते आहेत. जहाजबांधणीवाल्यांना वेल्डरचे हातमोजे दर महिन्याला दोन हजार जोड हवेत, आणि त्याआधी चाचणीचे साठ. भरवशाचा माणूस शोधायचाय, एवढंच काम. तू म्हणायचास ना, चांगलं चामडं शोधायला एक दिवस लागतो आणि चांगला शिवणारा शोधायला एक वर्ष. माझ्याकडे सहा आठवडे आहेत.

नमुन्याचा जोड तुझ्या कपाटातून आणलाय. न विचारता. तुझ्या हातचा शेवटचा जोड होता, त्याच्याइतकी सरळ शिवण मला दुसरीकडे दिसली नाही. रागावला असशील तर अजून एक राग वाढला, इतकंच.

तुझी धाकटी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

आज तू हवा होतास. मदतीला नाही, हसायला.

पहिल्या पत्त्यावरचे मालक सुटाबुटात आले. कारखाना मोठा, ऐंशी मशिनं, जमीन अशी की चेहरा दिसावा. साहेब पुढे, गुरुजी मध्ये, मी मागे. म्हटलं, मालाचं गोदाम बघू. साहेबांनी एक दार उघडलं, आत झाडू. दुसरं उघडलं, आत एक बाई डबा खात बसलेली. तिसरं उघडलं ते थेट रस्त्यावर निघालं. स्वतःच्या कारखान्यात माणूस तीन चुकीची दारं उघडतो का? तेवढ्यात एक मुकादम आला आणि त्याने साहेबांनाच विचारलं की आपण कोण. गुरुजींनी हे भाषांतर करताना मान खाली घातली. दुसऱ्याचा कारखाना तासाभरासाठी मागून घेतला होता, मला दाखवायला. साहेबांकडे स्वतःचं एक टेबल आणि एक फोन, बाकी काही नाही.

मी गुरुजींच्या समोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग खोलीवर आले आणि हसू कुठे गेलं कळलं नाही. असलं काही घडलं की आपण दोघं संध्याकाळी मालाच्या गठ्ठ्यांवर बसून एकमेकांना परत सांगायचो. तू त्या साहेबाची चाल करून दाखवली असतीस. मला इथे कुणाला सांगायचं? साखळीतल्या इस्त्रीला?

वहिनी लिहिते की तू घरी बसून शेजाऱ्यांच्या बॅगांच्या चेनी दुरुस्त करतोस. डाव्या हाताने.


२४ फेब्रुवारी

दादा,

तीन कारखाने झाले. एकाने सांगितलं की सगळं काम इथेच होतं, आणि मागच्या दाराने मोज्यांचे कापलेले तळवे पोत्यांत भरून कुठल्या कुठल्या घरी शिवायला जात होते. एकाचं चामडं इतकं पातळ, की त्यात वेल्डर सोड, लग्नाचा पाहुणाही टिकणार नाही.

चौथा मात्र मनासारखा होता. शिवण घट्ट, माणसं कसलेली, मालक कमी बोलणारा. गुरुजी खुशीत आले, करार करायला हरकत नाही म्हणाले. मीही हो म्हणणार होते. मग कटिंगच्या खोलीत गेलो. तिथे चामडं कापायच्या प्रेसजवळ एक गोष्ट दिसली आणि मी सरळ बाहेर आले. पर्स आतच राहिली, ती गुरुजींनी आणली. बसमध्ये ते तीनदा विचारत होते, "काय खटकलं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

काय दिसलं ते पुढे कधीतरी लिहीन. कदाचित.

तू त्या दिवशी आपल्या कारखान्याच्या दारात उभा राहून म्हणालास, "हात गेला म्हणून मला काढतेस." सगळ्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, तसं काही नाही, आपल्याकडे चामडं कापणं परवडत नाही आता. दादा, तेच खरं आहे. तेच आहे असं समज. आपल्या प्रेसवर मी ताडपत्री घातलीय, बायकांना ॲप्रनच्या कामावर लावलंय, कुणालाही काढलं नाही. तू मात्र स्वतःच गेलास.

इथली संध्याकाळ लवकर होते. रस्त्यावर सगळे लोक घरी जायच्या वेगाने चालतात. मीही त्याच वेगाने चालते आणि मग आठवतं, मला कुठे जायचंय.


३ मार्च

दादा,

सापडली! पाचव्या पत्त्यावर.

चौदा मशिनं. जागा पूर्वी बेकरी होती, भिंतीत भट्टीचं तोंड अजून आहे आणि त्यात आता दोऱ्याची रिळं ठेवलीत. मालकीणबाई पंचावन्नच्या, उंच, नाकावर चष्मा, तोंडावर हसू म्हणून नाही. मी आमच्या कंपनीची माहिती सांगायला लागले तर हात वर करून थांबवलं आणि नमुना मागितला. तुझा जोड घेतला, मशीन नाही, टेबल नाही, उभ्याउभ्याच ब्लेडने शिवण उसवायला लागली. माझा जीव खालीवर. गुरुजी म्हणाले, "त्या म्हणतात, जे उसवून बघता येत नाही ते शिवता येत नाही." तू हिच्याशी दोन मिनिटांत भांडला असतास आणि चौथ्या मिनिटाला चहा घेतला असतास.

प्रेस चांगली आहे. दोन्ही बटणं एकदम दोन हातांनी दाबली तरच ती खाली येते. मी स्वतः दाबून पाहिली.

साठ जोडांची चाचणी दिलीय. जाताना बाई उजव्या हाताच्या मोज्याबद्दल काहीतरी विचारत होत्या. त्याच वेळी जहाजबांधणीवाल्यांचा फोन आला, ते तारीख मागत होते. मी एका कानाने फोन ऐकत गुरुजींना म्हटलं, "सांगा त्यांना, नमुन्यात जसं आहे तसं हुबेहूब. प्रश्न नकोत." बाईंनी मान डोलावली. नुसती नाही, एकदम आदराने. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणाला तरी माझं वजन कळलं.

तू मला लहानपणापासून घाईबाई म्हणतोस. या वेळी घाईनेच काम झालं, बघ.

घाईबाई


१९ मार्च

दादा,

आज साठ जोड मिळाले.

दहा-दहाच्या गठ्ठ्यांत, डावे एकीकडे, उजवे एकीकडे. मी डावे पाहिले. शिवण अशी की तू बोट फिरवून गप्प बसला असतास. मग उजवे उचलले. एक, दोन, पाच. प्रत्येकाची करंगळीशेजारच्या बोटाची पिशवी आखूड. दीड पेरं कमी. टोक नीट गोल करून, आतून दुहेरी शिवण घालून बंद केलेलं. साठच्या साठ.

माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटला, गुरुजींना म्हटलं, विचारा यांना, ही काय चेष्टा आहे. बाई शांतपणे आत गेल्या आणि तुझा नमुना घेऊन आल्या. परत शिवून ठेवला होता. तू जोड नेहमी एकात एक घालून ठेवतोस, डावा बाहेर, उजवा आत. मी तसाच उचलला, तसाच आणला, तसाच दिला. उजवा मी एकदाही उलगडला नव्हता, दादा. एकदाही.

तो तुझ्या हाताचा मोजा होता. आत्ताच्या हाताचा.

बाईंनी दोन कारागिरांना बोलावलं. एकाची तर्जनी अर्धी, दुसऱ्याची दोन बोटं नाहीत. गुरुजी सांगत होते, "त्या म्हणतात, यांच्या मोज्यात रिकामं बोट लोंबतं, ते मशिनात अडकतं, म्हणून दोघे मोजा घालतच नाहीत. आम्ही पंचवीस वर्षं या धंद्यात आहोत, पण अशा हातासाठी मोजा करून घेणारी कंपनी पहिल्यांदा पाहिली. म्हणून त्या दिवशी आम्ही विचारलं की सगळेच असे हवेत का, आणि आपण हो म्हणालात. आम्हाला वाटलं, यांच्याकडे अशी पुष्कळ माणसं असतील आणि या त्यांची काळजी घेत असतील."

सगळे माझ्याकडे बघत होते. कौतुकाने. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग बाईंनी विचारलं, हा मोजा कुणाचा? मी म्हटलं, भावाचा. कसं झालं? मी म्हटलं, प्रेसवर. त्यांनी प्रेसकडे पाहिलं, दोन बटणांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, दोन्ही हात बटणांवर असतील तर बोट आत जाईलच कसं? गुरुजी भाषांतर करून थांबले. मी तुझा मोजा परत एकात एक घालायला लागले. बाई पुढे म्हणाल्या, "तुम्ही दोन आठवडे तपासताय की माझ्यावर भरवसा ठेवायचा की नाही. ठीक आहे, तो तुमचा हक्क. तुमच्यावर ठेवायचा की नाही, हे मी कुणाला विचारू?"

करार झालेला नाही. उद्या लिहिते. आज हात चालत नाही.


२० मार्च

दादा,

एका दमात लिहिते, नाहीतर परत काहीतरी विनोद करून सटकेन.

प्रेसच्या एका बटणावर चिकटपट्टी मी लावायला सांगितली होती. वायरमनकाकांनी ती आपल्या मनाने लावली नव्हती. बटण दाबलेलंच राहावं, म्हणजे एक हात मोकळा राहील आणि तळवे भराभर सरकवता येतील. त्या महिन्याची ऑर्डर मोठी होती. काका म्हणाले होते, "ताई, हे बरं नाही." मी म्हटलं, आठवड्यापुरतं आहे, तुम्ही लावा. तू तेव्हा चामडं आणायला बाहेरगावी होतास. परत आलास, नेहमीसारखा प्रेसवर उभा राहिलास. तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगायचं विसरले. खरंच विसरले, दादा, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

दवाखान्यातून आल्यावर तू काकांना चारचौघांत बोललास. आबा कारखाना बघायचे तेव्हापासूनचा माणूस, तीस वर्षं झाली त्यांना. तू म्हणालास, "तुमच्या हलगर्जीने माझं बोट गेलं, परत तोंड दाखवू नका." काका तुझ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, अजूनही घेतलं नसेल.

त्यानंतर प्रेस सुरू झाली की मला ऑफिसात बसवत नसे. ती खाली येण्याचा आवाज झाला की मी उठून मागच्या अंगणात जायचे. म्हणून मी ठरवलं की कापायचं काम इथे होणारच नाही, दूर कुठेतरी होऊ दे, जिथून आवाज येणार नाही. खर्चाचं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं, आणि मला ते पटत आलं होतं. चौथ्या कारखान्यात मला जे दिसलं ते हेच होतं, एका बटणावर चिकटपट्टी. इतक्या दूर येऊन.

तुला मी काढलं नाही. तुझा हात समोर नको होता मला. हे काढण्यापेक्षा वाईट आहे, माहीत आहे.

आणि काल तो मोजा हातात घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली, तिच्यामुळे मी रात्रभर कुशी बदलत राहिले. तो तू केव्हा शिवलास? टाके काढल्यानंतरच. म्हणजे तू कुणाला न सांगता कारखान्यात येऊन नव्या हाताचं माप घेतलंस, आखूड बोट बेतलंस, दुहेरी शिवण घातलीस. तू परत कामाला उभा राहणार होतास. तयारी झाली होती तुझी. आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यांना जमवून सांगितलं की कटिंग बंद.

माफ कर असं लिहिणार होते. ते शब्द इथे फार छोटे दिसतायत. पण लिहिते. माफ कर, दादा.

बरोबर त्या साठातला एक जोड पाठवतेय. बाईंनी शिवलेला. बघ किंवा बघू नकोस. वायरमनकाकांना वेगळं पत्र टाकलंय.

मला तुझी फार आठवण येते. कामाच्या वेळी येते आणि काम नसतं तेव्हा जास्त येते. इथे कुणीही तुझ्यासारखं "हं, पुढे?" असं म्हटलं, अगदी त्यांच्या भाषेत म्हटलं, तरी मी वळून बघते.


९ एप्रिल

दादा,

वीस दिवस झाले. मी जहाजबांधणीवाल्यांना खरं कळवलं, जोड वेळेत होणार नाहीत. ते चिडले, मग एक महिना दिला. गुरुजी रोज सकाळी येतात, टपालाचं विचारतात, आणि "धीर धरावा" म्हणून जातात. मी बेकरीत जाऊन बसते. बाई मला गठ्ठे बांधायला लावतात. काल पहिल्यांदा म्हणाल्या की गाठ बरी मारता.

तू लिहायला हवंस असं नाही. एवढंच कळव की पाकीट पोचलं.


१६ एप्रिल

दादा,

वहिनीचं पत्र आलं. मी ते बसस्टॉपवर उभ्याने वाचलं, माझ्या तीन बस गेल्या.

ती लिहिते, तू माझं पत्र वाचलंस आणि चप्पल घालून बाहेर पडलास. वायरमनकाकांच्या घरी गेलास. दुपारी गेलास तो दिवेलागणीला आलास. काय बोललात, ते तिलाही सांगितलं नाहीस. आठ दिवस माझं नाव काढलं तर उठून जात होतास. काका माझ्याबद्दल काय म्हणाले, हे विचारायचा मला अधिकार नाही, म्हणून विचारत नाही. माझ्या पत्राला त्यांचं उत्तर नाही.

मग तिने जोड टेबलावर ठेवला. दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली तर तू उजवा घातलेला. मूठ मिटत होतास, उघडत होतास. तिने विचारलं, बसला का? तू म्हणालास, "बसला. अंगठ्याची शिवण एक सूत सैल आहे. हे त्यांना कोण सांगणार?" आणि कपाटातून पासपोर्ट काढलास, आपण दोघांनी यंत्रांच्या प्रदर्शनाला जायचं म्हणून काढला होता तो.

मी अंगठ्याची शिवण पाहिली. एक सूत सैल आहे. मला दिसली नव्हती. बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि विचारलं, हा माणूस कधी येणार?

मी काय सांगू?


२ मे

दादा,

ही चिठ्ठी खाली काउंटरवर ठेवतेय, खोलीच्या किल्लीबरोबर. गुरुजी तुला विमानतळावरून इथपर्यंत आणतील. मी यायला हवं होतं. सकाळी तयार होऊन बसले होते, पण तिथे गर्दीत तू दिसल्यावर मी आधी चेहरा बघेन की हात, ते मला ठरवता येईना. तुला ते लगेच कळलं असतं.

तोंड धू, काहीतरी खा, झोपायचं असेल तर झोप. पाण्याचा नळ उलटा फिरतो. मग खालून चार नंबरची बस घे, शेवटच्या थांब्यावर उतर, समोर जुनी बेकरी. मी आत गठ्ठे बांधत असेन.

बाईंना मी सगळं सांगितलंय, पट्टीसकट. बटणाच्या गोष्टीवर त्यांनी मला दहा मिनिटं झापलं. कराराचं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ते तुमचा भाऊ आल्यावर. अंगठ्याची शिवण तुझ्याकडून शिकायला त्यांनी चार कारागीर बाजूला काढलेत. आखूड बोटाचे मोजे त्यांनी त्या दोघांना दिलेत, ते घालूनच बसतात हल्ली.

तुला मला जे बोलायचंय ते खोलीत एकटीला गाठून बोलू नकोस. तिथे बोल, कारखान्यात, सगळी मशिनं चालू असताना, चौदा माणसांसमोर. वायरमनकाकांना तसंच ऐकावं लागलं होतं. या लोकांना आपली भाषा येत नाही, म्हणून मी गुरुजींना सांगून ठेवलंय, दादा बोलतील त्यातल्या शब्द न् शब्दाचं भाषांतर करायचं. ते घुटमळले. विचारलं, "कठोर शब्दांचेसुद्धा?"

म्हटलं, त्यांचं आधी.